किती बोलल्या?

१९५३ सालच्या ऑगस्टातली दुपार. डेसीने प्रेशरच्या मोठ्या कुकरमधून सातवी बरणी चिमट्याने उचलली आणि टेबलावर घडी घालून पसरलेल्या पंच्यावर, बाकीच्या सहांशेजारी ठेवली. काचेच्या आत घेवड्याच्या शेंगा अजून खदखदत होत्या. हाताने करायचं काही उरलं नव्हतं. आता फक्त ऐकायचं.

बरणी निवू लागली की पत्र्याचं झाकण आत ओढलं जातं आणि टिंग वाजतं. डोंगरातल्या लॉरेल नावाच्या ओढ्याकाठच्या बायका म्हणत, बरणी बोलली. बोलली ती टिकली. न बोललेली चुकून तळघरात गेली, तर त्या शेंगांत विष धरतं. त्याला वास नसतो, रंग नसतो. दोनच वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडच्या एका घरात फेब्रुवारीतल्या एका जेवणाने तीन माणसं गेली होती.

या घरात खाणारी तोंडं अकरा. तळघराची किल्ली सासूच्या, ऑर्फाच्या, एप्रनच्या नाडीला. डेसी धाकटी सून. खाणीच्या वसाहतीत, दुकानातले डबे फोडून खात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला शेंगेची शीर काढता येत नव्हती. ऑर्फाने सगळा उन्हाळा तिला जवळ उभं केलं. "वाफेच्या आवाजावर जाऊ नकोस. कुकरच्या दाबाच्या काट्यावर डोळा ठेव." "बरणीचं तोंड पूस. आता परत पूस." "वर बोटाचं एक पेर रिकामं सोड." आणि सगळ्यात कडक नियम, "माझ्याशी बोलताना तोंड वर करून बोल. पुटपुटलेलं मला चालत नाही."

दर वेळी शेवटी एकच प्रश्न असे. किती बोलल्या? डेसी मनातल्या मनात पुन्हा मोजून मगच सांगे.

आज सकाळी ऑर्फा म्हणाली होती, "आज तू एकटी कर. मग किल्लीचं बघू." आणि टोपली घेऊन ओसरीवर शेंगा निवडायला बसली होती.

टिंग. मग लगेच दोन. थोड्या वेळाने चौथी. पाचवी, सहावी. डेसीने हात धुतले, चूल पुसली, पुन्हा येऊन उभी राहिली. खिडकीपासून तिसरी बरणी गप्पच होती.

थोरली जाऊ वर्ना आली. तिने जाळीचं दार एवढ्या जोरात आपटलं की परसातल्या कोंबड्या उडाल्या. ओसरीवरची ऑर्फा मान खाली घालून शेंगा मोडत राहिली.

"किती झाल्या?" वर्नाने विचारलं.

"सहा. ही एक बोलत नाही."

"मुकी आहे? मग सासू म्हणून चालली असती." वर्ना हसली. तिने पुढे होऊन झाकणावर अंगठा दाबला. टिंग. झाकण खाली बसलं ते बसलंच. "घे. झाल्या सात."

"ताई, पण ती आपणहून नाही बोलली."

"कोण बघायला येतंय? म्हातारीने हे विचारायचं खूळ काढलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी सातच सांगते."

"मग किल्ली कुठंय तुमची?"

वर्नाचं हसू मावळलं. "शहाणी आहेस. सहा म्हण, आणि पुढच्या उन्हाळ्यातही बस शेंगा निवडत."

ऑर्फा आत आली. तिने सातही झाकणांवरून हात फिरवला. सगळी सारखीच खोल, सारखीच घट्ट. ती डेसीच्या समोर येऊन उभी राहिली.

"किती बोलल्या?"

"सात, आई," वर्ना मध्ये येऊन म्हणाली.

"तुला नाही विचारलं."

डेसीने तोंड वर केलं. "सहा बोलल्या, आई. सातवीला बोलतं केलं."

"कुठली?"

डेसीने खिडकीपासूनची तिसरी बरणी पुढे सरकवली. ऑर्फाने झाकणाच्या कडेला नख लावलं. झाकण अलगद सुटून हातात आलं. तिने शेंगा पातेल्यात ओतल्या आणि पातेलं चुलीवर चढवलं.

"ही आज खाऊ, मक्याच्या पावाबरोबर," ती म्हणाली. मग वर्नाकडे वळली. "तुझ्या बरण्या चार वर्षं मी तास तासभर उकळून वाढतेय. दर खेपेला सात कुणाच्याच बोलत नाहीत, पोरी." तिने एप्रनची नाडी सोडली आणि किल्ली डेसीच्या ओल्या तळहातावर ठेवली.

वर्ना नंतर नवऱ्याबरोबर डेटन शहरात राहायला गेली. तिथे तिने जन्मभर दुकानातले डबे आणले, पण दर नाताळाआधी तिचं पत्र यायचं, 'डेसी, शेंगांच्या दोन बरण्या पाठव गं, तुझ्या हातच्या.' किल्ली डेसीकडे एकेचाळीस वर्षं राहिली. पुढे ती तिने वर्नाच्याच मुलीला दिली. त्या तळघरातलं खाऊन कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

ऑर्फा १९५७ च्या मार्चमध्ये वारली. मातीला आलेले म्हातारे डॉक्टर डेसीला बाजूला घेऊन म्हणाले, "एकोणपन्नासच्या थंडीतल्या त्या तापात तिचे दोन्ही कान गेले. कानाशी बंदूक उडवली असती तरी तिला ऐकू आलं नसतं. समोरच्याचे ओठ बघून भागवायची. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

डेसी स्वयंपाकघरात आली आणि रिकाम्या टेबलापाशी उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सासू परीक्षा घेतेय. ती तर विचारत होती.