दुपटं

"दुपटं नको, ताई. बाळाला गारच ठेवायचंय," नर्स म्हणाली.

जन्मताना गुदमरलेली मुलगी, मेंदू वाचावा म्हणून थंड ठेवलेल्या गादीवर निपचित पडली होती. तिची आई, माझी भाची मृण्मयी, दुपटं छातीशी धरून म्हणाली, "मावशी, तुझ्या उंदरांसारखं गारठवलंय हिला. जगेल ना गं?"

प्रयोगशाळेत मी उंदीर असेच गारठवून निजवते. त्यांची बहुतेक जनुकं मंदावतात. काही मात्र गारठ्यातच जागी होतात आणि मेंदू राखतात. संगणकाच्या पडद्यावर कितीदा पाहिलेलं ते या इवल्याशा कपाळामागे घडत असेल, या विचाराने अंगावर काटा आला.

"ते माहीत नाही," मी म्हणाले. "पण आत काम चाललंय."

तीन दिवसांनी तिला हळूहळू ऊब दिली. पापण्या हलल्या, आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी ती रडली.

"द्या आता दुपटं," नर्स म्हणाली.