चार जुलैची तारीख

"तुमची तारीख होऊन गेली," खिडकीमागचा कारकून मान वर न करताच म्हणाला.

कवळ्या बनवणाऱ्याने खिशातून मोबाईल काढून काचेला टेकवला. "हा बघा कोर्टाचा मेसेज. शून्य चार, शून्य सात. म्हणजे चार जुलै. आज चार जुलैच आहे ना?"

"हे सात एप्रिल आहे, साहेब. नव्या सिस्टिममध्ये महिना आधी येतो."

"पण नोंदणी करतानाच मला विचारलं होतं, तारीख कशी हवी म्हणून. मी 'दिवस आधी' निवडलं होतं. सेटिंगमध्ये अजून तसंच दिसतंय."

"तिथे काहीही निवडा. मेसेज जायचा तसाच जातो. रोज दोघं-तिघं इथे येऊन माझ्याशी भांडतात."

एरवी तोही भांडला असता. कवळीत केसाएवढा फरक राहिला तरी डॉक्टर ती परत पाठवत, त्यामुळे 'जायचा तसाच जातो' हे उत्तर त्याच्या पचनी पडणारं नव्हतं. पण आज त्याच्या अंगात बळ नव्हतं. सात एप्रिल. त्या दिवशी तो टेबलाशी बसून कुणाच्या तरी कवळीचे पुढचे दात घासत बसला असणार. आणि इकडे बायको एकटी आली असणार. न्यायाधीशांनी विचारलेल्या दोन-चार प्रश्नांची उत्तरं देऊन निघूनही गेली असणार. एवढा संसार मोडला आणि आपण तिथे नव्हतो.

खरं तर त्यांच्यात भांडण असं कधी झालंच नव्हतं. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घरातलं बोलणं आटत गेलं. उरलं ते दूध आणलं का, दिवा घालवला का, एवढंच. एकदा संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "हे असंच चालायचं का?" तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आपण फार समजूतदारपणे बोललो, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात तिने घटस्फोटाचा अर्ज आणला. त्याने सही केली आणि कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेला. तिथे रात्री अंथरुणावर पडलं की भिंतीवर टांगलेले दातांचे साचे दिसत. तारीख लांबची मिळाली म्हणून त्याला मनातून बरंच वाटलं होतं. तेवढ्यात काहीतरी होईल, ती फोन करेल, असं त्याने धरलं होतं. स्वतः फोन करावा, हे काही त्याला सुचलं नाही.

"मग निकाल लागला?" त्याने विचारलं.

"कसला निकाल?" कारकुनाने पडद्यावर बोट फिरवलं. "दोघंही गैरहजर. अर्ज रद्द झालाय तुमचा."

"दोघंही?"

"असंच लिहिलंय इथे."

तो मागे वळला. दारात बायको उभी होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आजही शिकवणीवरूनच आली असावी, गळ्यात ड्रायव्हिंग स्कूलचं ओळखपत्र तसंच होतं. थोडी वाळली होती. त्याला बघून तिने नुसती मान हलवली, बसस्टॉपवर शेजारी दिसल्यावर हलवावी तशी.

"या, तुम्हीही आलात का," त्यांची नजरानजर बघून काय ते ओळखलेला कारकून खुशीत येऊन म्हणाला. "दोघांनी मिळून एकच घोळ घातलात, हे बरं झालं. एक आला आणि एक नाही, की मग फार निस्तरावं लागतं." त्याने एक कोरा फॉर्म काचेखालून सरकवला. "आता आलाच आहात तर लगेच भरून द्या. या खेपेला तारीख मी कागदावर अक्षरी लिहून देतो."

ते दोघं भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. त्याने फॉर्म मांडीवर घेतला, पेन काढलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. तिच्या नावाच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला.

"तुलाही चार जुलैच वाटलं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

"नाही. मेसेज आला तेव्हाच मी इथे फोन करून विचारलं होतं. सात एप्रिल, सकाळी, दुसरा मजला. सगळं सांगितलं त्यांनी."

त्याने पेनचं टोपण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं.

"मग एप्रिलमध्ये का आली नाहीस?"

"तू चार जुलै धरून बसला असणार, हे माहीत होतं मला. ती तारीख तशीच जाऊ दिली."

"मग आज कशाला आलीस?"

तिने त्याच्या मांडीवरचा फॉर्म उचलला, दोन घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

"आज तू येणार होतास."