सतरा सेंटिमीटर

लोखंडी खुंटी सतरा सेंटिमीटर बाहेर आलेली होती. पर्सिदाने दोनदा मोजलं. चौतीस वर्षं औषधाच्या दुकानात तोलमाप केलेल्या बाईचा एका मोजणीवर विश्वास बसत नाही.

खुंटी तिच्या नवऱ्याच्या, ल्युबिंकोच्या, बेर्देच्या तळाला होती. बेर्दे म्हणजे लग्नात वाजणाऱ्या ताफ्यातलं खर्जाचं वाद्य. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, आणि आत निव्वळ हवा. ल्युबिंकोचा ताफा मोडला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हाच नवऱ्याने बेर्देची जाहिरात इंटरनेटवर टाकली होती. स्वयंपाकघराशेजारचा कोपरा आता रिकामा होणार, या भरवशावर पर्सिदाने मोठा फ्रीजर घेतला. पन्नास किलोचा फ्रीजर फुकटात घरपोच आला. तेव्हापासून तो ओसरीवरच होता. मांजर त्यावर दोनदा व्यालं होतं.

बेर्देला गिऱ्हाइकं यायची. पाठवण्याचा खर्च ऐकायची आणि फोन ठेवून द्यायची. जाहिरातीत लांबी होती दोन मीटर पाच सेंटिमीटर, आणि दोन मीटरच्या वर गेलं की कुरियरवाले त्याला पार्सल मानत नाहीत. मग मालट्रक, आणि ट्रकचं भाडं जवळजवळ बेर्देच्या किमतीइतकं.

"काय करणार, लोकांना परवडत नाही," असं म्हणून ल्युबिंको सुस्कारा सोडायचा. सुस्कारा जरा जास्तच तालात असायचा.

"खुंटी आत ढकलून का नाही मोजलंस?" पर्सिदाने विचारलं.

"अगं, ते उभं असतं तेव्हा तसंच असतं. माणसाची उंची काय पाय दुमडून मोजतात?"

"माणसाला कुरियरने पाठवत नाहीत."

तिने स्क्रू सैल केला, खुंटी आत सारली. एक मीटर अठ्ठ्याऐंशी. जाहिरात तिने स्वतः दुरुस्त केली. खर्च एक तृतीयांशावर आला. हे ऐकून ल्युबिंको मिरच्यांना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी नोव्ही सादहून फोन आला. योत्सा नावाचा ताफेवाला होता.

"बाई, आमचा बेर्देवाला जर्मनीला गेला ट्रक चालवायला. आणि बेर्दे घेऊन गेला, मेला! शनिवारी रात्री लग्न आहे, आणि कुरियर म्हणतो सोमवारी. बसने पाठवता का?"

"पाठवते. पण वाजवणार कोण?"

"आधी बेर्दे तर येऊ दे. वाजवणारा देव देईल."

बसने पार्सल त्यांच्या किकिंदा गावात सगळेच पाठवतात. ड्रायव्हरच्या हातावर कॉफीपुरते पैसे ठेवायचे, पलीकडे कोणीतरी उतरवून घेतं. तीन वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचं पर्सिदाला नवल वाटलं. ल्युबिंकोला सुचलं नव्हतं याचं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी ल्युबिंकोने बेर्दे गोधडीत गुंडाळून बाहेर नेलं. पर्सिदा टेप घेऊन रिकाम्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली. फ्रीजर बसत होता. वर चार सेंटिमीटर उरत होते.

मग तिला जमिनीवरची भोकं दिसली. लाकडात खुंटीच्या बारीक टोकाने पडलेली. बरीचशी जुनी होती, व्हार्निशने भरलेली. पण काही व्हार्निश फोडून गेलेली होती आणि त्यांच्या कडा अजून पांढुरक्या होत्या. जमिनीला व्हार्निश ती दर ईस्टरला स्वतः लावते. म्हणजे ही भोकं ईस्टरनंतरची. तिने मोजली. अठरा.

मंगळवारी ती मोक्रिनला बहिणीकडे जाते. ल्युबिंको म्हणतो, तू जा, मी मिरच्यांकडे बघतो. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ईस्टरपासूनचे मंगळवार मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. मग आठवलं, जूनमधल्या एका मंगळवारी त्याची दाढ काढली होती.

ती टेप गुंडाळून उठली आणि त्याच्यामागून बसस्टँडवर गेली.

झार्को ड्रायव्हरने बेर्देकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आजोबा, हे पार्सल आहे की सासूबाई? खाली डिकीत नाही मावायचं. सीटवर बसवा. म्हणजे तिकीट आलं. आणि धरायला माणूस पाहिजे, नाहीतर मी ब्रेक मारला की पुढच्याच्या डोक्यात."

"मी धरतो," ल्युबिंको म्हणाला. झार्कोचं वाक्य अजून संपायचं होतं.

त्याच्या जुन्या जाकिटाआड पांढरा शर्ट दिसत होता. इस्त्रीचा. पर्सिदाने इस्त्री केली नव्हती.

बेर्दे टेकवायला त्याने खाली हात घातला, स्क्रू सैल केला, खुंटी ओढली, स्क्रू आवळला. सगळं न बघता. पर्सिदाला टेप काढायची गरज पडली नाही.

"तर दोन तिकिटं," झार्को म्हणाला. "आजोबा, तुमचं जाऊन-येऊन. आणि सासूबाईंचं नुसतं जायचं, बरोबर?"

ल्युबिंकोने पाकीट बाहेर काढलं. मग परत खिशात ठेवलं. मग पुन्हा काढलं. "हो," तो म्हणाला. "म्हणजे... हो." आणि त्याने सुस्कारा सोडला. यावेळी त्याला ताल नव्हता.

मागून कोणीतरी ओरडलं, "चला की, लग्न लागेल इथेच!"

पर्सिदाने पर्स उघडली.

"दोघांचंही जाऊन-येऊन दे, झार्को," ती म्हणाली. "आणि ल्युबिंको, तू त्या योत्साला सांग, विकत नाही, उसनं आणलंय, वाजवणाऱ्यासकट. फ्रीजर मी आज विकायला टाकते. पोचवायचा खर्च घेणाऱ्याचा."