भेटबंदी

“अर्धी नारायण पेठ लोटली असती इथे,” महिपती कानडे हॉस्पिटलच्या खाटेवरची चादर सारखी करत म्हणाले, “पण डॉक्टरांची बंदी. करणार काय!”

वेणूबाईंनी मान हलवली. नवऱ्याचं हे वाक्य त्या रोज ऐकत होत्या. सिस्प्लॅटिन या औषधाच्या सलाइनने कॅन्सरची गाठ जेमतेम आटली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र साफ झाल्या. कोणाची साधी शिंकही जिवावर बेतली असती. म्हणून बायकोखेरीज कोणी खोलीत यायचं नाही, असा हुकूम सुटला. महिपतींनी तो बढतीसारखा मिरवला.

खडकीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आजाऱ्याला भेटायला जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. मोसंबी न्यायचे, उशाशी बसायचे आणि निघताना म्हणायचे, “रंग काही बरा दिसत नाही हो. कागदपत्रं जागेवर आहेत ना?” पेठेतल्या घराघरांत त्यांच्या नावावर अशा भेटी जमा होत्या. परतफेडीला कोणी फिरकलं नाही. फोनसुद्धा नाही. आजारी माणसाला कशाला बोलायला लावायचं, असा लोक विचार करतात, हे महिपतींनीच बायकोला समजावून सांगितलं होतं.

सकाळी वेणूबाई बाहेर गेलेल्या असताना सलाइन बदलायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, “पेशी भरून आल्या, काका. आता बोलवा तुमची पेठ!” महिपतींचा चेहरा उतरला. सिस्टरना वाटलं, सुई दुखली.

डॉक्टर आमोद राउंडला आले, तशी महिपतींनी बायकोला गरम पाणी आणायला पिटाळलं.

“काका, किडन्या झेपत नाहीयेत,” डॉक्टर फाइल चाळत म्हणाले. “हे औषध बंद करावं लागेल. आणि दुसरं देण्यासारखं आता...”

“ते असू द्या हो.” महिपतींनी दाराकडे बघत आवाज उतरवला. “भेटायची बंदी तेवढी उठवू नका. पेशी अजून कमीच आहेत, असं सांगा हिला. बंदी उठली आणि कोणीच आलं नाही, तर हिच्यासमोर तोंड कुठे लपवू?”

डॉक्टर मोबाइलमध्ये बघत हसले.

“निर्धास्त राहा, काका. काकू सकाळीच सांगून गेल्यात. बंदी राहू द्या म्हणाल्या, तसंही कोणी यायचं नाही.”