चौथा दिवा

चौथा दिवा लाल शाईनेच काढायचा, हे दीनानाथांनी सकाळी दाढी करतानाच ठरवून टाकलं होतं. गोष्टही तिथेच सुचली, गालाला साबण लागलेला असताना. एकाहत्तराव्या वर्षी असं काही सुचावं म्हणजे कमालच! त्यांनी घाईघाईने तोंड धुतलं आणि तडक टेबल गाठलं.

खेळाला अजून चार दिवस होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी वणीतल्या त्यांच्या बैठकीत गल्लीत लहानाचे मोठे झालेले तिघं जमायचे, रजत, मिताली आणि सलील. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं होऊन बोलायचं, आणि उडी जमली की पाय घसरला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. रचणारे अर्थात दीनानाथ. पण त्यांचा खरा जीव रमायचा तो मधल्या दिवसांत. नकाशे काढायचे, चहाच्या पाण्यात बुडवून ते जुने करायचे, पोरांनी आपापल्या पात्राच्या नावाने धाडलेली पत्रं वाचायची. खेळ संपला की तिघांनी नकाशाच्या पाठीवर दोन शब्द लिहून सह्या करायच्या, अशी रीतच पडली होती.

दीनानाथांनी राजूरकडच्या भूमिगत खाणीत सर्वेअर म्हणून तीस वर्षं काढलेली. बोगदे त्यांच्या हातात बसले होते. आजची गोष्टही खाणीचीच. एक म्हातारा मुकादम तिघांना घेऊन खाली उतरतो. मुकादम अर्थातच स्वतः दीनानाथ होणार. वर चार खुंट्यांवरून चार दिवे उचललेले, आणि खाली मुकादम माणसं मोजतो तर तीनच! एक जण हरवला. मग सगळी खाण पालथी घालायची. अगदी शेवटच्या बोगद्यात मुकादमाला आपल्याच हातातला दिवा दिसतो. मोजताना त्याने स्वतःला धरलंच नव्हतं.

"वा!" दीनानाथ स्वतःशीच म्हणाले.

भीती एकच होती. मिताली भारी हुशार. पहिल्या मोजणीलाच तिने चूक पकडली, तर खेळ तिथेच आटोपणार. आणि असा एखादा रविवार फुसका गेला की पोरं परत कशाला येतील? मितालीला मारेगावची शाळा, सलीलला औषधाचं दुकान, रजतची तर बदलीच चंद्रपूरकडे झालेली. हे टेबल मोडलं तर दीनानाथांच्या महिन्यात दुसरं उरत होतं काय?

"रजनी, चहा झाला का?"

"तुमच्या समोरच तर आहे," रजनीताई आतून म्हणाल्या.

खरंच होता, अर्धा प्यायलेला. कामात इतका जीव ओतला की माणसाला चहाचीही शुद्ध राहत नाही, याचं त्यांना बरंच वाटलं.

रजनीताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय काढून राह्यले आज?"

"पाहू नको! गुपित आहे."

"मले काय समजते त्यातलं." तरी त्या नकाशापाशी जरा थांबल्या. "छान झाला. वाळला की माझ्यापाशी द्या, मी ठेवीन. तुमी कायले वाकता?"

नकाशे नेहमी त्याच ठेवायच्या. पेटी पलंगाखाली होती आणि दीनानाथांची कंबर धरलेली.

दुपारी फोनवर मितालीचं पत्र आलं. तिच्या पात्राचं नाव सगुणा. सगुणेने लिहिलं होतं, "खाली उतरायची वेळ आलीच, तर मी मुकादमाच्या पाठीशी राहीन. म्हाताऱ्या माणसाला अंधारात एकटं सोडू नये."

दीनानाथ चाट पडले. खाणीविषयी तर त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं! मग त्यांना हसू आलं. खाणीत जन्म गेलेला माणूस आज ना उद्या खाणीचीच गोष्ट सांगणार, हे पोरीने बरोबर ताडलं होतं. काय डोकं म्हणायचं हे!

संध्याकाळी सुट्टीवर घरी आलेला रजत डोकावला. त्याच्या हातात लाकडाची एक छोटी फळी होती, चार खुंट्यांची.

"हे कशासाठी रे?"

"दिवे अडकवाले, काका. तुमीच तर फोनवर सांगतलं."

सांगितलं असेल. फळी मात्र झकास होती. खुंट्यांचा रंग जागोजागी उडालेला. जुनाट दिसावी म्हणून पोराने मुद्दाम घासली असणार. एवढ्या बारकाईने कोण करतं आजकाल? दीनानाथांना त्याला मिठीच मारावीशी वाटली.

"रविवारी जमते ना? का ड्युटी आहे?"

"बदलून घेतली. तुमची गोष्ट सोडून कुठी जाऊ?" रजतने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "काकू, मी येऊन राह्यलो बरं रविवारी."

"ये बाबा," रजनीताई म्हणाल्या, आणि बराच वेळ नळाखाली तेच पातेलं धूत राहिल्या.

रजत गेला, पाठोपाठ त्याही भाजीला गेल्या. नकाशा वाळला होता. आज दीनानाथांना धीर धरवेना. कंबर गेली खड्ड्यात, म्हणत ते खाली बसले आणि पेटी बाहेर ओढली.

आत दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या होत्या. जुने खेळ! त्यांनी हौसेने वरची एक सोडली. खाण होती. वळणावळणाचे बोगदे, चार दिवे, चौथा लाल.

त्यांनी मांडीवरच्या आजच्या नकाशाकडे पाहिलं. मग दुसरी गुंडाळी सोडली, मग तिसरी. पेटी रिकामी झाली तेव्हा जमिनीवर चौदा खाणी पसरल्या होत्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या, आणि प्रत्येकीत चौथा दिवा लाल.

त्यांनी एकेक नकाशा पालथा केला. तारखा वेगवेगळ्या, चौदा महिन्यांच्या. सह्या त्याच तिघांच्या. आणि सह्यांच्या वर, प्रत्येकावर, मितालीच्या शाळामास्तरणीच्या अक्षरातली तीच ओळ: "काका, हरवलेला माणूस कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही."