पहिली चिठी

तांब्यातून पहिली चिठी बाबलीची निघाली आणि देवळात बसलेल्या सगळ्यांनी हात जोडले.

मुंबईचे डॉक्टर गोंधळले. गावात हृदयाचे, रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रोगी किती, हे पाहायला ते आले होते. सगळ्यांना तपासणं शक्य नाही, म्हणून चिठ्या टाकायच्या. शाळेची कौलं उतरवलेली, म्हणून देवळात बसायचं. यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं.

"देवान कौल दिल्यान," एक म्हातारा समाधानानं म्हणाला.

"कौल नव्हे हो. हा निव्वळ योगायोग."

"रवळनाथाच्या दारात योगायोग?" हरिश्चंद्र खांबाजवळून म्हणाले. ते आज तिथेच बसले होते, कारण पहिली हाक आली की उठायला बरं.

हरिश्चंद्र थोरल्या घरातले, बाबली धाकट्या. दोघांचे आजोबा जुळे. हरिश्चंद्रांचे अर्धा तास आधी जन्मलेले. त्या अर्ध्या तासावर पालखीचा पहिला खांदा, होळीचा पहिला नारळ आणि देवळातला पहिला प्रसाद हे सगळं थोरल्या घरात राहिलं होतं.

डॉक्टर चिठ्या काढत गेले. वाण्याचं नाव निघालं. वाण्याच्या सासूचं निघालं. गेल्या आठवड्यात मुंबईला निघून गेलेल्या एका माणसाचंसुद्धा निघालं. तांब्या उपडा करून ठेवला तरी हरिश्चंद्रांचं निघालं नाही.

बाबलीला एक रिकामी बाटली मिळाली. ती लघवीसाठी होती. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

मग तो टेबलाजवळ बसला. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पारा वर चढला आणि सावकाश खाली आला. अख्खं देऊळ पाऱ्याकडे बघत होतं. बाबली हरिश्चंद्रांकडे बघत होता.

"एकशे वीस. उत्तम," डॉक्टर म्हणाले.

"उत्तम म्हणतत," बाबलीनं सगळ्यांना सांगितलं. ऐकू सगळ्यांनाच आलं होतं.

हरिश्चंद्र उठले. शर्टाची बाही गुंडाळत टेबलापाशी आले.

"डाक्टरानू, माझो मोजा."

"तुमची चिठी निघालेली नाही."

"ह्या गावात आमच्या घराचा हात लागल्याशिवाय काय सुरू होत नाय. आता झालां ता झालां. मोजा."

त्यांच्यामागे त्यांची बायको सत्यवती येऊन उभी राहिली होती. तिनं डॉक्टरांना डोळ्यांनीच सांगितलं, मोजा आणि मोकळे व्हा. डॉक्टरांनी मोजलं. परत मोजलं. कानातल्या नळ्या काढून पुसल्या आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"दोनशे," ते हळूच म्हणाले.

"ह्याचो किती होतो?"

"कोणाचा?"

"ह्या बाबल्याचो."

"त्यांचं काय घेऊन बसलात! त्यांचा एकशे वीस."

हरिश्चंद्रांचा चेहरा, सकाळपासून पहिल्यांदाच, मोकळा झाला. "दोनशे!" ते देवळाकडे वळून म्हणाले. लोकांत कुजबूज झाली. पुढे बसलेल्या एकानं उठून त्यांना जागा दिली.

"हसू नका," डॉक्टर म्हणाले. "मीठ बंद. सुकी मासळी बंद. मुख्य म्हणजे डोकं शांत ठेवा. नाहीतर डोक्यातली शीर फुटेल."

सत्यवतीनं पदर तोंडाशी धरला.

"लिवलात?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"तुमचं लिहिता येत नाही. ज्यांची चिठी निघाली त्यांचंच लिहायचं."

"म्हंजे शीर फुटली, तरी तुमच्या हिशोबात येवची नाय?"

डॉक्टर प्रामाणिक होते. "नाही येणार," ते म्हणाले.

हरिश्चंद्रांनी थोडा विचार केला. "नसांदे. लोकांनी आयकल्यानी."

लोकांनी ऐकलं होतं. वाणी तर शेजारच्याला सांगत होता, की शेवटी थोरलं घर ते थोरलं घर. बाबलीनं हातातली बाटली खाली ठेवली.

"डाक्टर, माझो परत मोजा."

"तुमचा छान आहे."

"छान कित्याक? पट्टो सैल होतो. परत मोजा."

चिठीवाल्यांचा दाब दोनदा मोजायचा, असा नियमच होता. डॉक्टरांनी पट्टा परत गुंडाळला. बाबलीच्या कपाळावरची शीर दोरीसारखी वर आली होती. पारा चढला, आणि उतरताना मघापेक्षा बराच आधी अडखळला.

"हे काय? दीडशे!"

"थांबा," बाबली म्हणाला. "अजून आसा."

त्यानं हात काढला नाही. डोळे मिटून घेतले. बहुधा तो होळीचा नारळ आठवत असावा, कारण मान लाल व्हायला लागली.

हरिश्चंद्र बाही आणखी वर सरकवत टेबलाकडे निघाले. "ह्याचा झाला की माका घेवा."

"तुम्ही आधी बसा! तुम्हाला विश्रांती हवी."

"विश्रांती मागसून. आदी ह्याच्या वर आसय काय नाय ता बघा."

सत्यवतीनं नवऱ्याचा दंड धरून पाहिला. तो दगडासारखा झाला होता. तिनं तो सोडला, टेबलाला वळसा घातला आणि बाबलीसमोर जाऊन हात जोडले.

"भावजीनू," ती म्हणाली, "तुमी तरी जरा कमी करा."

बाबलीनं डोळे आणखी घट्ट मिटले. तो श्वास कोंडून बसला होता.