उसनी जीभ

"डॉक्टरनं दादाले थेंबबी पेऊ नका म्हनलं. मंग ते बाटली घरात ठेवून काय करता, वयनी? मले द्या," आनंदराव दारातूनच म्हणाला.

मंदाबाईनं दिराकडे पाहिलं, मग खाटेकडे. तेजराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे पिवळे, पाय सुजलेले. झोपलेला नव्हता.

"देत नाई," ती म्हणाली.

"काहून? तुमी पेता का?"

"हो. पिईन."

आनंदराव हसत निघून गेला. ती हसली नाही.

बाटली स्कॉचची होती. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या साहेबानं बदली होऊन जाताना तेजरामला दिलेली. तेजरामनं जन्मभर मोहाची दारू प्याली. ही मात्र चांगल्या दिवशी फोडू म्हणून त्यानं ट्रंकेत ठेवली होती. तो दिवस यायच्या आधीच लिवर गेलं.

"मंदे," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "चमचाभर दे. मले मरनंच हाये तं चव तं घेऊ दे."

"तुमाले नाई देत. मी पेते अन् तुमाले सांगते कसी लागते ते."

तो कूस बदलून तिच्याकडे बघत राहिला. "तू? मी पिऊन आलो का तू अंगनात खाट टाकत होतीस."

"आता इथंच बसीन."

तिनं ट्रंक उघडली. दिवेलागण झाली होती. शेजारच्या क्वार्टरात रेडिओवर एशियाडच्या बातम्या चालू होत्या. चहाच्या काचेच्या ग्लासात तिनं बोटभर ओतली, डोळे गच्च मिटले आणि एका दमात घशाखाली लोटली. खोकल्यानं ती वाकली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

तेजराम कोपरावर उठून बसला होता. "कसी हाये?"

"टिंचर हाये."

तो हळूहळू आडवा झाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

मंदाबाईला ते लागलं. खोटं काही सांगता आलं असतं. गोड आहे, मस्त आहे, असं काहीही. पण त्याला खोटं लगेच कळलं असतं. तिनं बूच घट्ट लावलं. उद्या परत पिऊन बघायचं, तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती चौकातून गोटीसोडा घेऊन आली. साहेबाकडचे पाहुणे सोडा घालून पितात, हे तेजरामनं तिला कधीतरी सांगितलं होतं. ती प्याली. "नाकात झिनझिन करते," ती म्हणाली. "सोड्याचीच चव. बाकी काई नाई."

बाजाराच्या दिवशी तिनं मासोळीवालीकडून बर्फ मागून आणला, धुऊन धुऊन त्याचा वास घालवला. बर्फ टाकल्यावर स्कॉच जिभेला टोचेना. पण दुसरंही काही लागेना. "निजल्यावानी हाये," ती म्हणाली.

आता तेजराम भिंतीकडे वळत नव्हता. तो विचार करत होता. "बाटली देतानी साहेब म्हने, धीरे धीरे, तेजराम, गटकना नहीं. आधी वास घे. मंग जिभेवर ठेव. पानी टाकशील तं थेंबभरच टाक."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"तू कवा अशी बसलीस माह्यापाशी?"

तिनं पाट खाटेच्या आणखी जवळ ओढला.

शेजारच्या गिरजाबाईला वास गेलाच. नळावर तिनं अडवलं. "मंदाबाई, अजून देतेस का वो त्याइले? मारतेस का?"

"ते नाई पेत. मी पेते," मंदाबाई म्हणाली आणि पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन चालू लागली. त्या दिवसापासून गिरजाबाई संध्याकाळची येईनाशी झाली. मंदाबाईनं दार लावून घेतलं नाही. रोज दिवा लागला की ती खाटेजवळ पाट ओढून बसे, वास घेई, घोट जिभेवर धरी. बरेच दिवस जीभ नुसती जळतच राहिली. मग जळणं कमी झालं आणि त्याच्या मागं काहीतरी आहे असं तिला वाटू लागलं. नाव मात्र सापडेना.

तेजरामचं खाणं सुटलं. नंतर बोलणंही कमी झालं. ओठ सुकले की ती ओल्या कापसानं पुसायची. डोळे मात्र ग्लासावरच असत.

एका संध्याकाळी तिनं बोटानं एकच थेंब पाणी टाकलं. ग्लास नाकाशी नेला. घोट घेतला आणि तोंड मिटून बसली. तेजराम वाट बघत होता.

"धान चुरल्यावर," ती हळूच म्हणाली, "खळ्यावर तनस उरते ना. ते दवानं ओली होते. अन् सकाळी कोनी शेकाले पेटवली का पयले धूरच धूर निंगते. तसी लागते पयले."

त्याचे डोळे तिच्या तोंडावरून हलले नाहीत.

"मंग तो धूर जाते. मांगून गोड येते. नव्या गुळावानी नाई. मडक्यात राहून काळा पडलेला गूळ असते, तसी. पन लगेच नाई येत. वाट पाहा लागते." ती थांबली. "अन् मंग छातीत उतरते. जाळत नाई. शेगडीपाशी बसल्यावानी वाटते."

तेजरामनं डोळे मिटले. त्याच्या सुकलेल्या गळ्यातली घाटी सावकाश वर गेली आणि खाली आली.

"अजून सांगू?" तिनं विचारलं.

त्यानं हात किंचित उचलून तिला थांबवलं.

"थांब," तो म्हणाला. "हे खाली उतरू दे."